कॉर्निया बदलण्याआधी घरात करून ठेवायची तयारी

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बदलायचे ठरले म्हणजे तारीख लगेच हातात पडते असे नाही. मोतीबिंदूला लागणारे भिंग कारखान्यात बनते, हवे तेव्हा मिळते. इथे कोणाच्या तरी घरी माणूस गेलेला असतो, त्याच्या नातेवाईकांनी नेत्रदानाला होकार दिलेला असतो, आणि नेत्रपेढीत आलेला कॉर्निया ज्या द्रावणात ठेवतात त्यानुसार ४ ते १४ दिवसच टिकतो. त्यामुळे फोन अचानक येतो आणि लगेच भरती व्हा म्हणतात. गोव्यात पेडण्याहून किंवा सत्तरीतल्या आतल्या गावातून बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, गाठायचे तर त्या दिवशी कागद शोधायला वेळ नसतो. पिशवी आधीच भरून खुंटीला अडकवून ठेवा. आधार कार्ड, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड, डोळ्याचे जुने सगळे रिपोर्ट, साखरेचा आणि रक्तदाबाचा अलीकडचा आकडा, चालू गोळ्यांची नावे एका कागदावर. तुमची शस्त्रक्रिया योजनेत कशी बसते हे रुग्णालयाच्या खिडकीवर आधीच विचारून या. कपडे पुढून बटणांचे घ्या, म्हणजे डोक्यावरून काढावे लागणार नाहीत. बाकीचे सामान कमी पडले तरी कोणीतरी आणून देतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचे, एवढेच. खोकला असेल तर मात्र तो आधी बरा करून घ्या. टेबलावर बराच वेळ हलल्याविना उताणे पडावे लागते, आणि उघड्या डोळ्यावर काम चालू असताना आलेली ढास धोक्याची असते. आमच्या बाबांना पडसे होते, ते त्यांनी 'एवढे काय त्यात' म्हणून लपवले होते. आईने डॉक्टरांसमोरच ते उघड केले म्हणून बरे.

आता खरी तयारी, म्हणजे प्रश्नांची. 'ऑपरेशन कधी' हे सगळेच विचारतात, 'कोणता थर बदलणार' हे कोणी विचारत नाही, आणि पुढचे वर्ष कसे जाणार ते सगळे त्यावर ठरते. डोळ्यात जुने फूल पडले असेल, किंवा भाताच्या लोंबीने लागून बुरशीची जखम झाली आणि खोल पांढरा डाग राहिला असेल, तर बहुधा पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलतात. केसाहून बारीक नायलॉनचे टाके पडतात, बहुधा १६, आणि ते काही महिन्यांनी थोडेथोडे काढतात. तरुणांच्या शंकूसारख्या झालेल्या कॉर्नियात पुष्कळदा फक्त पुढचे थर बदलतात, आतला स्वतःचाच राहतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया सुजून धुरकट झाला असेल तर नुसता आतला पातळ थर बसवतात. त्यात टाके नाहीत किंवा मोजकेच, पण तो थर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा सोडतात आणि काही दिवस छताकडे तोंड करून पडून राहायला सांगतात. हे तुमच्या वाट्याला येणार असेल तर पलंग अशा जागी हलवा की पडल्यापडल्या पेज पिता येईल, माणसांशी बोलता येईल. संडासापर्यंतची वाट मोकळी करा. बुडबुडा असेपर्यंत विमान नाही, आणि घाट चढून जायचा असेल तर आधी विचारा, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. बेळगावला शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी गोव्यात परतायच्या वाटेविषयीही हे विचारून ठेवावे.

दुसरा प्रश्न अवघड, पण आधीच विचारा: मागचा पडदा आणि नस चांगली आहे का? काच नवी बसली तरी मागचे बिघडलेले असेल तर नजर तेवढीच येणार. हे शस्त्रक्रियेनंतर कळले की माणूस खचतो आणि घरचे डॉक्टरांवर चिडतात. तिसरा, आजाराचे कारण. नागिणीच्या जातीतल्या विषाणूने डोळा गेला असेल तर तो नव्या कॉर्नियातही परत उठू शकतो, त्यासाठी गोळ्या बराच काळ चालतात.

नजरेची धास्ती सगळ्यांना पट्टी काढली की लागते. धुके, उजेडाभोवती कडी, दोन-दोन दिसणे, पाणी. पूर्ण जाडीच्या शस्त्रक्रियेत पहिल्या महिन्यांतली नजर म्हणजे निकाल नव्हे. टाके ओढलेले असतात म्हणून कॉर्नियाचा गोलपणा वाकडा राहतो, टाका काढला की तो बदलतो, आणि नंबर स्थिर व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. तोवर महागडा चष्मा करू नका. कोणाला पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते, आणि चष्म्यात न दिसलेले तिच्यात स्पष्ट दिसते. आतल्या थराच्या शस्त्रक्रियेत बुडबुडा विरेपर्यंत पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते, मग काही आठवड्यांत उघडत जाते. शेजारच्या काकूंना मोतीबिंदूनंतर दुसऱ्याच दिवशी पेपर वाचता आला, हे ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

घरात एक कॅलेंडर लावा, तारखेचा आकडा मोठा आणि खाली तिथी बारीक असलेले. रोज सकाळी त्याच खुर्चीवरून, त्याच उजेडात, दुसरा डोळा तळव्याने न दाबता झाकून पाहा आणि कुठवर वाचता आले ते त्याच पानावर लिहा. रोजचे थोडे कमीजास्त चालायचेच. पण काल वाचलेला आकडा आज दिसत नसेल तर ते सांगायला लेखी पुरावा हातात असतो. 'जरा कमी वाटते' यावर फोनवरचा माणूस काही ठरवू शकत नाही.

थेंबांवर मात्र घरातल्या एका माणसाची नेमणूक हवी. शस्त्रक्रियेआधीच साध्या अश्रूच्या थेंबांवर हात बसवून घ्या: हात साबणाने धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, बाटलीचे टोक कशालाही लागू द्यायचे नाही, एक थेंब पुरे. दोन औषधांत पाच-दहा मिनिटे सोडायची, नाहीतर दुसरे पहिल्याला वाहून नेते. स्टिरॉइडची दुधट बाटली प्रत्येक वेळी नीट हलवायची, औषध तळाशी बसलेले असते. बाटली उघडल्याची तारीख पेनाने लिहा, महिन्यानंतर ती फेकायची. एक भरलेली बाटली कायम जादा ठेवा, कारण गावातल्या फार्मसीत नेमके तेच नाव संपलेले असते आणि गणेश चवथीला तर आठवडाभर कोणाचा पत्ता नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे: डोळ्याची लाली गेली, दुखत नाही, म्हणून थेंब थांबवायचे नाहीत. ते डॉक्टर हळूहळू कमी करतात, महिनोन्महिने, काहींचे वर्षानुवर्षे. त्याच थेंबांनी काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदू होतो, तोही न दुखता. म्हणून सगळे ठीक असताना फेरतपासणीला जायचे. 'काही त्रास नाही, मग कशाला कदंब बस पकडून जायचे' हे आमच्याकडेही बोलून झाले आहे.

चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा: डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर कमी होणे, दुखणे. यातली एक जरी नव्याने आली, वाढली, तर त्याच दिवशी जायचे. रविवार असो, पाऊस असो. शरीराने परका कॉर्निया नाकारायला घेतला की ही लक्षणे दिसतात, आणि लवकर पकडले तर थेंब वाढवून तो पुष्कळदा वाचतो. हे शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही होऊ शकते, म्हणून कागद काढून टाकू नका. सुटलेला टाका खुपतो, पाणी येते, तिथून जंतू शिरतात. तोही त्याच दिवशीचा विषय. रात्री गाडी कोण काढणार, त्याचा नंबर त्याच कागदावर लिहा. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात डोळ्यांचे डॉक्टर रोज नसतात, तेव्हा तिथे वेळ न घालवता सरळ गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत जायचे.

घर म्हणाल तर पाणी आणि धक्का या दोनच गोष्टी. डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळ मानेखाली, केस धुवायचे तर डोके मागे टाकून दुसऱ्याने धुवायचे. विहीर, ओहोळ, समुद्र बंद. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने लावायची, झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ पावसाआधी खरवडून घ्या. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, चहा कपाबाहेर ओतला जातो, पायरी हुकते. पूर्ण जाडीच्या कॉर्नियाची शिवण मूळच्या डोळ्याइतकी मजबूत कधीच होत नाही, मार लागून ती वर्षांनंतरही उसवू शकते. नातवाला हे आधी समजावा, नाहीतर त्याचे कोपर आणि आजोबांचा डोळा एकाच उंचीवर येतात.

मग गोव्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. शिगम्याचा गुलाल, काजूच्या भट्टीचा धूर, सांजांवच्या सणातल्या विहिरीतल्या उड्या, नरकासुराच्या रात्रीचे फटाके, या सगळ्यापासून यंदा लांब. गणपतीवरची माटोळी बांधायला वर चढून मान उंचावून उभे राहायचे काम यंदा दुसऱ्याला द्या. आरतीला बसावे, धुपापासून लांब. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, जायचे तर मोठ्या काचांचा चष्मा हवाच, झावळीचे टोक सांगून येत नाही. शेतीकाम, ओझे उचलणे, स्कूटर, हे सगळे डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. लस घ्यायची असेल, अगदी फ्लूची, तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा. काहीजण त्या दिवसांत थेंब वाढवतात.

घरात एक गोष्ट हमखास कुजबुजली जाते: कोणाचा डोळा, कोणत्या जातीचा, रंग बदलेल का. बदलतो तो पुढचा पारदर्शक पडदा, अख्खा डोळा नाही, त्यामुळे रंग तुमचाच राहतो. १९९४ च्या कायद्याने अवयव किंवा कॉर्निया विकता-विकत घेता येत नाही. दात्याचे नाव सहसा कळत नाही, आणि विचारत बसू नये असे मला वाटते. त्यापेक्षा आपल्या घरात वारंवार बोलून ठेवावे, की मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला फोन करायचा, कारण नेत्रदान ६ तासांच्या आत व्हावे लागते, आणि तोवर पंखा बंद आणि पापण्या मिटलेल्या ठेवायच्या.

फाईलच्या पहिल्या पानावर कोणता डोळा, कोणती शस्त्रक्रिया, तारीख, किती टाके आणि आत्ता कोणते थेंब किती वेळा, एवढे लिहा. पानाचा फोटो काढून तुमच्या आणि पोर्वोरीला राहणाऱ्या मुलीच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.