अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरते? आधी रात्रीची मोजणी, मग खर्च

अपडेट केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच फोन २० टक्क्यांवर आला, की बरेच जण थेट दुकान गाठून बॅटरी बदलून घेतात. पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो, कारण दोष पुष्कळदा बॅटरीत नसतोच. अपडेटनंतरची तात्पुरती कामे, बिनसलेले एखादे ॲप किंवा सेटिंग, नेटवर्क आणि खरोखर थकलेली बॅटरी, या चारांपैकी नेमके काय ते आधी ओळखावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी खालचा नेटवर्कचा भाग मुळीच वगळू नये. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर अपडेटच्या नावावर खपणारा दोष बऱ्याचदा टॉवरचा असतो.

१. पहिले तीन दिवस थांबा

मोठा अपडेट बसला की फोन आतल्या आत बरीच कामे उरकत असतो. ॲप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करतो, फोटोंची यादी आणि चेहऱ्यांची ओळख पुन्हा करतो. अँड्रॉइडमध्ये ॲप्स तयार करण्याचे काम मुख्यतः फोन चार्जिंगला असताना आणि कोणी वापरत नसताना चालते. म्हणून दोन-तीन रात्री फोन चार्जरला लावून ठेवा. हेस्कॉमची लाईट गेली तर काम तिथेच थांबते आणि पुढच्या रात्री सुरू होते. अशा वेळी एखादा दिवस जास्त द्या. या काळात फोन कोमट लागणे ठीक. हातात धरवत नाही इतका तापत असेल तर मात्र थेट सातव्या पायरीवर जा.

घरी वाय-फाय नसेल तर ॲप्स जुनीच राहतात, कारण प्ले स्टोअर सहसा वाय-फायची वाट बघत बसते. सिस्टीम नवी आणि ॲप जुने, हे जुळत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ॲप्सच्या यादीत जा आणि मोबाईल डेटावरच सगळी अपडेट करून घ्या.

२. रात्रीची मोजणी करा

चौथ्या दिवशी रात्री ११ वाजता बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढा, आकडा लिहा आणि सकाळी ६ वाजता पुन्हा बघा. सात तासांत ३ ते ७ टक्के उतरले तर फोन नीट झोपतो आहे. मग तक्रार दिवसाच्या वापराची आहे. १० च्या वर गेले तर रात्रभर काहीतरी जागे राहिले.

दुसऱ्या रात्री फक्त मोबाईल डेटा आणि वाय-फाय बंद ठेवून मोजा. उतार कमी झाला तर नेट वापरणारे ॲप शोधायचे. तसाच राहिला तर तिसऱ्या रात्री एअरप्लेन मोड लावा. गजर तरीही वाजतो, फोन मात्र येणार नाहीत, तेवढे घरच्यांना सांगून ठेवा. आता आकडा एक-दोन टक्क्यांवर आला तर दोष सिग्नलचा. एवढे करूनही १० टक्के जात असतील तर फोनमधलेच काम किंवा बॅटरी.

३. जागे राहणारे ॲप पकडा

सेटिंग्ज, बॅटरी आणि मग बॅटरी वापर. स्क्रीन किंवा तुम्ही तासभर पाहिलेले यूट्यूब यादीत वर असेल तर घाबरू नका. शोधायचे ते स्क्रीनवर पाच मिनिटे आणि बॅकग्राउंडला चार तास चाललेले ॲप. त्याला आधी अपडेट करा, मग फोर्स स्टॉप, मग स्टोरेजमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅश’. शेजारीच ‘क्लिअर डेटा’ असते, त्याला हात लावू नका. व्हॉट्सॲपवर ते दाबले तर बॅकअप नसलेले चॅट गेलेच.

तरीही थांबत नसेल तर बंधन घाला. सॅमसंगमध्ये ते ॲप ‘डीप स्लीपिंग ॲप्स’मध्ये टाकता येते, शाओमीत ॲपच्या माहितीत ‘बॅटरी सेव्हर’खाली बॅकग्राउंड रोखता येते. व्हॉट्सॲप, घड्याळ आणि दुकानदारांचे पैसे जमा झाल्याचा आवाज देणारे ॲप यांना बंधन घालू नये.

‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ वर दिसली तर तिच्यामार्फत दुसरे कोणीतरी लोकेशन मागत असते. सेटिंग्जच्या लोकेशन भागात अलीकडे कोणी लोकेशन घेतले ते दिसते. त्या ॲपची परवानगी ‘वापरतानाच’ अशी करा.

४. बदललेल्या सेटिंग्ज

काही अपडेट्स जुन्या निवडी पुसून टाकतात. स्क्रीनचा वेग १२० हर्ट्झवर गेला आहे का, ऑलवेज ऑन डिस्प्ले (स्क्रीन बंद असतानाही वेळ दाखवत राहणारी सोय) आपोआप चालू झाला का, ५जी पुन्हा सुरू झाले का, हे पाहून घ्या.

५. सीमेवरचे नेटवर्क

मोबाईल कंपन्यांच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, तर महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. निपाणी ते कागल, बेळगाव ते शिनोळी किंवा कणकुंबीहून चोर्ला घाटाकडे जाताना फोन एका सर्कलच्या टॉवरवरून दुसऱ्याच्या टॉवरवर उडी मारतो. घर किंवा शेत अगदी हद्दीला असेल तर जागेवर बसूनही हे चालू राहते. पलीकडच्या सर्कलचा टॉवर धरला की फोन साधारणपणे ठरावीक वेळाने आपले होम नेटवर्क, म्हणजे सिम ज्या सर्कलचे आहे तिथले नेटवर्क, शोधत राहतो आणि प्रत्येक शोधाला बॅटरी लागते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजच कमी, तिथे लांबच्या टॉवरपर्यंत पोहोचायला फोन जास्त ताकद लावतो. अपडेटने ५जी चालू केले असेल तर ५जीचा टॉवर शोधणे वर आणखी.

आधी सिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ४जी करा. मग रेंजच्या काड्यांजवळ रोमिंगची आर वारंवार येते-जाते का बघा. येत असेल तर ‘नेटवर्क ऑपरेटर’मध्ये आपोआप निवड बंद करा. एक-दोन मिनिटांत यादी येते. त्यात आपल्याच कंपनीचे नाव कधी दोनदा दिसते, कारण ती दोन सर्कल्सची दोन नेटवर्क असतात. एक निवडा, आर गेली तर तेच होम सर्कल. घरी दिवसभर राहणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. कोल्हापूरला किंवा पणजीला निघताना मात्र ‘आपोआप’वर परत आणा, नाहीतर पुढे रेंजच मिळणार नाही. दुसरे सिम नुसतेच पडून असेल आणि त्याला रेंज नसेल तर तेही बंद ठेवा.

६. कॅश पार्टिशन

हे मुख्यतः सॅमसंगवाल्यांसाठी. कॅश पार्टिशन म्हणजे सिस्टीमच्या तात्पुरत्या फाइल्सची जागा, ती इथे पुसायची. फोन बंद करून केबलने संगणकाला जोडा, आवाज वाढवायचे आणि बाजूचे बटण एकत्र दाबून धरा. रिकव्हरीचा मेनू आला की आवाजाच्या बटणाने ‘वाइप कॅश पार्टिशन’वर या आणि बाजूच्या बटणाने निवडा. त्याला लागूनच ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ असते. ते निवडले तर फोन कोरा होतो. दाबण्याआधी ओळ दोनदा वाचा.

७. बॅटरीची प्रकृती

जुन्या लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. अपडेटनंतर प्रोसेसरवर ताण आला की तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) एकदम पडतो आणि २५ टक्के दिसत असतानाच फोन बंद होतो. हे लक्षण असेल तर बॅटरी बदलणे रास्त. आयफोनवर सेटिंग्जच्या बॅटरी भागात क्षमता दिसते, ८० टक्क्यांखाली गेली की बदलावी. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमध्ये तपासणी आहे. मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा स्क्रीन कडेने वर आली असेल तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका आणि फोन दुरुस्तीला द्या.

काही वेळा कंपनीच अपडेटमधून फोनचा वेग किंवा बॅटरीची क्षमता कमी करते. ॲपलने २०१७ मध्ये थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग उतरवला होता. गुगलने २०२५ मध्ये काही पिक्सेल ४ए आणि पिक्सेल ६ए फोनच्या बॅटरीची क्षमता अपडेटने घटवली. ६एच्या बाबतीत कारण होते बॅटरी जास्त तापण्याचा धोका. अशा फोनवर वरची कुठलीच पायरी लागू पडणार नाही. *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक घ्या आणि कंपनीच्या मदत पानावर तो टाकून आपला फोन यादीत आहे का, भरपाई मिळते का, ते पाहा.

जुन्या सिस्टीमवर परत जाण्याच्या नादी लागू नका. डेटा पुसला जातो, आणि आयफोनवर तर थोड्याच काळात जुनी आवृत्ती घालताच येत नाही. पुढचा छोटा अपडेट बहुतेक वेळा हाच दोष दुरुस्त करायला येतो, त्याची वाट बघा. तोही येऊन फरक पडला नाही, तरच बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट. रीसेटनंतर यूपीआय ॲप नोंदणीसाठी बँकेतल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस पाठवते, म्हणून हे काम चांगली रेंज आणि एसएमएसपुरता बॅलन्स असतानाच करा, आणि बाजाराच्या दिवशी नको.