कोबीवरच्या अळ्या आणि बीटीची फवारणी

कोबीच्या पानांची चाळणी झाली होती. पान उलटं केलं की बारीक हिरव्या अळ्या वळवळत मागे सरकायच्या, धक्का लागला की धाग्याला लोंबकळायच्या. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या! ही कीड रासायनिक औषधांना फार लवकर दाद देईनाशी होते, म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध आणलं. त्यातला कुर्स्टाकी हा उपप्रकार. (इस्रायलेन्सिस डासांच्या अळ्यांसाठी असतो, तो इथे बिनकामाचा.)

बीटी नुसतं अंगावर पडून अळी मरत नाही, ते पोटात जावं लागतं. तिथल्या अल्कधर्मी रसात जिवाणूचे प्रथिनस्फटिक विरघळतात, आतड्याला भोकं पडतात आणि अळीचं खाणं थांबतं. मरायला मात्र दोन-तीन दिवस लागू शकतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या तरी घाबरू नका. पानावर नवी भोकं पडताहेत का, ते बघा. मी तेवढंच बघत होतो.

उन्हातल्या अतिनील किरणांनी बीटी लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. अळ्या पानाखाली, म्हणून नोझल खालून वर. कोबीचं पान मेणचट, पाणी ओघळतं. म्हणून द्रावणात स्टिकर, म्हणजे ते पानाला चिकटवून ठेवणारा पदार्थ, मिसळला. अंड्यांना बीटीने काही होत नाही, त्यामुळे आठवड्याने पुन्हा फवारलं. मोठ्या अळ्यांवर परिणाम कमी, त्या हातानेच वेचल्या. कंटाळवाणं काम!

पुढचे गड्डे स्वच्छ भरले. मात्र याच किडीत बीटीविरुद्धही प्रतिकारशक्ती आढळली आहे, तेव्हा सतत तेच फवारू नये.