हिवाळ्यात वुडपिजन येईनात? आधी या चुका टाळा

पाच, दोन, शून्य, चार. एका हिवाळ्यातल्या लागोपाठ चार शनिवारी मारलेल्या वुडपिजनचा माझा हिशोब आहे हा, इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या दक्षिणेला एका शेतकऱ्याच्या रेपच्या (तेलबियांच्या पिकाच्या) शेतावर. घरी आल्यावर बायको विचारायची, "काय रे, चार तास गारठून दोन पाखरं?" आणि मी आपला वाऱ्याला दोष द्यायचो, मग काडतुसांना, मग डिकॉयना (पाखरांना फसवायला मांडतात त्या नकली पाखरांना), आणि एकदा तर बुटांना पण दिला. नंतर कळलं की बहुतेक दोष माझाच होता. म्हणून इकडे यूकेत राहणारे आणि नुकतंच शॉटगन सर्टिफिकेट (छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना) मिळालेले जे आपले लोक आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. भारतात बसून वाचत असाल तर नुसतं वाचा, तिकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, हे करायचं डोक्यात पण आणू नका.

वुडपिजन म्हणजे आपल्या सोसायटीच्या डक्टमध्ये घुमणारं कबूतर नव्हे. हा चांगला अर्धा किलोचा पक्षी, मानेवर पांढरा ठिपका, उडताना पंखावर पांढरी पट्टी. आणि खादाड. रेप म्हणजे तेलासाठी लावतात ते मोहरीच्या कुळातलं पीक, हिवाळ्यात बाकी शिवार काळं पडलेलं असताना तेवढंच हिरवंगार दिसतं, त्यामुळे थवेच्या थवे त्याच्यावर उतरतात आणि कोवळी पानं, शेंडे खुडून टाकतात. मग पीक मागे पडतं, फुलोरा एकसारखा येत नाही, कापणीच्या वेळी अर्धं पिकलेलं आणि अर्धं हिरवं. गावाकडे हुरड्याच्या दिवसात मचाणावर उभं राहून गोफण फिरवलेली असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. काम तेच आहे, राखणीचं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: पाखरं संपली असं समजणं

संपलेली नसतात हो. जंगलात बसलेली असतात. ज्या वर्षी ओकची आणि बीचची फळं भरपूर धरतात त्या वर्षी झाडाखाली नुसता सडा पडलेला असतो, त्यात हिवाळा उबदार गेला तर आयव्हीच्या वेलाची काळी फळं पण आहेतच, मग घरात पुरणपोळी असताना वडापावच्या गाडीवर कोण जाणार? रेपची पानं हे त्यांचं नाइलाजाचं जेवण आहे. पानात दम नसतो, पोट भरायला दिवसभर खावं लागतं. जंगलातला सडा संपला किंवा बर्फाखाली गेला की मगच ती शेतात येतात, एखाद्या वर्षी ते डिसेंबरात होतं, एखाद्या वर्षी फेब्रुवारी उजाडतो.

दुसरं कारण म्हणजे रेपच कमी झालंय. २०१२ च्या सुमारास यूकेत सात लाख हेक्टरच्या वर रेप होतं. २०१३ च्या शेवटी निओनिकोटिनॉइड नावाची कीटकनाशकं लावलेल्या बियाण्यावर बंदी आली, मग फ्ली बीटल नावाच्या किड्याने कोवळी रोपं खायचा सपाटा लावला आणि खूप जणांनी हे पीकच सोडलं, क्षेत्र निम्म्याच्याही खाली आलं. म्हणजे तुम्ही ज्या शेतावर "दरवर्षी इथे मिळतात" म्हणून जाताय तिथे आजूबाजूचा सगळा नकाशाच बदललाय. कधी कधी उलट पण होतं, पंचक्रोशीत एकच रेपचं शेत उरलं की सगळे थवे त्याच्याच बोकांडी बसतात.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: बंदूक घरी ठेवून दुर्बीण घेऊन जा. मी जो आधीचा सगळा सीझन वाया घालवला तो याच्यामुळे, मला शनिवारीच सुट्टी, मग शनिवारी सकाळी उठायचं, सामान गाडीत टाकायचं आणि मागच्या वेळी जिथे बसलो तिथेच जाऊन बसायचं, कारण तिथे गेटपासून चालणं कमी. पाखरांना माझ्या गेटशी काय देणंघेणं! आता शुक्रवारी ऑफिसमधून जरा लवकर सुटून शेताच्या कडेला गाडीत अर्धा तास बसतो. डिसेंबरात इकडे चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे दोन ते साडेतीन ही वेळ सोन्याची, पाखरं झोपायला जायच्या आधी शेवटचं पोट भरून घेतात. कुठल्या कोपऱ्यात उतरतात, कुठल्या रांगेने येतात, कुठल्या उंच झाडावर थांबून आधी टेहळणी करतात, हे तिन्ही वहीत लिहायचं. येण्याजाण्याच्या त्या ठरलेल्या वाटेला इकडे फ्लाईटलाईन म्हणतात आणि हेजची (झुडपांच्या कुंपणाची) ओळ, ओढा किंवा दोन जंगलांमधली फट धरून ती बहुतेक वेळा जाते.

शेतात कुठे बघायचं ते पण सांगतो. दाट, गुडघ्याएवढ्या वाढलेल्या रेपमध्ये पाखरू उतरत नाही, त्याला पाय टेकायला आणि उडून जायला मोकळी जागा लागते. म्हणून जिथे पीक विरळ आहे, किड्याने खाल्लंय, पाणी साचून बसकं राहिलंय किंवा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत तिथे बघा. पांढरी विष्ठा आणि देठापर्यंत खुडलेली पानं दिसली की जागा पक्की.

मारलेलं पाखरू उघडून न बघणं

हे मला एका म्हाताऱ्या गेमकीपरने (शिकारीची पाखरं सांभाळणाऱ्या माणसाने) शिकवलं. त्या दिवशी एकच मिळालं होतं आणि मी तोंड पाडून निघालो होतो. त्याने ते हातात घेतलं, गळ्याखालची दाण्याची पिशवी नखाने फाडली आणि माझ्या हातावर अख्खी ओकची फळं ठेवली. म्हणाला, तू पानांवर बसलायस आणि हे जेवतंय तिकडे. त्याने बोट दाखवलं ते जंगल शेतापासून पाऊण मैल लांब! सगळी फुकटची माहिती त्या पिशवीत असते. नुसतं हिरवं निघालं तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात, मका निघाला तर जवळपास कुणीतरी फेझंटसाठी (शिकारीसाठी पाळतात त्या रानकोंबडीसारख्या पक्ष्यासाठी) दाणे टाकतंय, आणि पिशवी रिकामी असेल तर ते तुमच्याकडे जेवायला येत होतं, म्हणजे अजून येतील, उठू नका.

डिकॉयचा पसारा

उन्हाळ्यात कापलेल्या गव्हाच्या शेतात दहा प्लास्टिकची पाखरं मांडून काम भागतं. हिवाळ्यात थवा शेकड्यांचा असतो आणि शेकडो डोळे असतात, त्यातल्या एकाला शंका आली की अख्खं पाहुणेमंडळ पुढच्या गावाला. त्यामुळे मोजकी पण खरी दिसणारी मांडा. चकचकीत प्लास्टिक पावसात आरशासारखं चमकतं, आणि सकाळच्या दवाने गोठून पांढरं पडलेलं डिकॉय तर कुठलंच पाखरू आपलं मानत नाही, अधूनमधून जाऊन पुसा. मिळालेली खरी पाखरं तारेच्या पाळण्यात ठेवली की त्याला तोड नाही.

मॅग्नेट म्हणजे ते गोल फिरणारं मोटरवालं यंत्र, त्याच्यावर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नवशिके ते आधी विकत घेतात आणि मग शेतकऱ्याची परमिशन शोधायला निघतात. पाखरं कमी असतात अशा सीझनमध्ये जी उरलीत त्यांनी ते यंत्र चार शेतांत पाहिलेलं असतं, लांबून येतात आणि ५० यार्डांवर झपकन वळतात. असं दोनदा झालं की बंद करा. त्यापेक्षा हलक्या काठीवर डुलणारं एखादं पाखरू बरं.

मांडणी वाऱ्याच्या हिशोबाने. पाखरू नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून वारा आपल्या पाठीवर किंवा तिरका, डिकॉय साधारण २५ यार्डांवर, मध्ये उतरायला मोकळी जागा. वारा अजिबात नसेल तर मी सरळ जात नाही. धुक्यात पण नाही.

हाईड, म्हणजे लपायची जागा

ऑगस्टमध्ये घेतलेली हिरवी जाळी जानेवारीत बोडक्या करड्या हेजपुढे लावली की काय दिसतं माहितीये? लग्नातला मांडव. हिवाळ्यात पानं नसतात, त्यामुळे तुमच्या मागून उजेड आरपार येतो आणि तुम्ही हललात की सावली हलते. मागे जाड खोड किंवा आयव्ही चढलेलं झाड शोधा, जाळीत वाळलेलं गवत खोचा आणि तोंड झाका, कारण वर बघणारा गोरा काय सावळा काय, चेहरा चमकतोच.

आणि ऊन! इकडे डिसेंबरात भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो. दक्षिणेला तोंड करून बसलात तर दिवसभर डोळ्यात ऊन, पाखरू नुसतं काळं दिसतं. यात गंमत नाही, कारण स्टॉक डव्ह नावाचं थोडं लहान कबूतर याच थव्यात फिरतं, त्याला मानेवर पांढरा ठिपका नाही, पंखावर पांढरी पट्टी नाही, आणि ते मारायला परवानगी नाही. पट्टी दिसली नाही तर बंदूक खाली. शर्यतीची पाळीव कबुतरं पण जात असतात, ती कुणाच्या तरी घरची आहेत.

"थंडीत पिसं जाड होतात, जड काडतूस घे"

हे दर हिवाळ्यात ऐकतो. कमी पाखरं आली की माणूस हावरट होतो, ५० यार्डांवरचं पण सोडवत नाही, ते जखमी होऊन जंगलात जातं आणि दोष पिसांना. २८ ते ३० ग्रॅमचं ६ नंबरचं काडतूस ३५ यार्डांच्या आत पुरेसं आहे, वर्ष कुठलंही असो. शिशाऐवजी स्टील वापरत असाल (आणि शिसं यूकेतून जायच्याच वाटेवर आहे, सवय लावून घ्या) तर दोन नंबर मोठे छर्रे घ्या, ६ च्या जागी ४. आजोबांच्या काळातली जुनी दुनळी असेल तर स्टील घालायच्या आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा. शेवटच्या डिकॉयच्या पुढे, आपल्यापासून अंदाजे ३५ यार्डांवर एक काठी रोवून ठेवा, तिच्या पलीकडे बार काढायचा नाही, हा नियम मी स्वतःवर लावल्यापासून काडतुसं निम्मी लागायला लागली.

कागदपत्रं वाचत नाही आपण

वुडपिजनला ठरावीक सीझन नाही, वर्षभर मारता येतो, एवढंच लोकांच्या डोक्यात राहतं. पण इंग्लंडमध्ये ते जीएल४२ या जनरल लायसन्सखाली, आणि पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी म्हणून. त्याच्यासाठी अर्ज करावा लागत नाही म्हणून कुणी उघडून पण बघत नाही. मजा म्हणून मारायला ते नाहीये, आणि आधी गॅसगन (नुसता मोठा आवाज करणारं यंत्र), पतंग, बुजगावणी असले उपाय करून बघणं अपेक्षित आहे. स्कॉटलंड, वेल्सची लायसन्सं वेगळी. २०१९ च्या एप्रिलमध्ये कोर्टातल्या आव्हानानंतर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने जुनी लायसन्सं दोनेक दिवसांच्या नोटिशीवर रद्द केली होती, तेव्हा सगळ्यांची किती धावपळ झाली होती, त्यामुळे दर वर्षी नवीन वाचून घ्या, चार पानांचं काम आहे.

यातून एक गोष्ट निघते जी मला पचायला वेळ लागला. शेतात पाखरंच उतरत नसतील तर नुकसान नाही, आणि नुकसान नाही तर तुमचं तिथे कामच नाही. माझा शून्याचा शनिवार शेतकऱ्याचा सगळ्यात चांगला शनिवार होता, तो मला चहा पाजत हसत होता आणि मी कपाळाला आठ्या घालून बसलेलो.

परमिशन जाते ती कशाने

पाखरं कमी मारल्याने कधीच जात नाही. ओल्या शेतात गाडी घालून चाकाच्या खोल चऱ्या पाडल्या, गेट उघडं राहिलं, प्लास्टिकचे वॅड (काडतुसात छर्ऱ्यांमागे असतं ते बूच) आणि रिकामी काडतुसं मेंढ्यांच्या कुरणात पडून राहिली, याने जाते. फायबर वॅडची काडतुसं घ्या. जायच्या आधी मेसेज करा, निघताना पण करा. फेझंटचा सीझन १ फेब्रुवारीला संपतो, त्याच्या आधी जंगलात शिरायचं नाव काढू नका, त्यानंतर मात्र स्वतःहून विचारा, कारण फेब्रुवारीत वाऱ्याच्या संध्याकाळी पाखरं रातथाऱ्याला येतात तेव्हा जंगलाच्या कडेला उभं राहून जे काम होतं ते महिनाभर हाईडमध्ये बसून होत नाही. बऱ्याच इस्टेटी (मोठ्या जमीनदारांच्या जमिनी) फेब्रुवारीतल्या शनिवारी सगळ्या जंगलांत एकाच वेळी माणसं उभी करतात, म्हणजे थव्याला निवांत बसायला जागाच राहत नाही.

मिळालेल्या पाखरांचं पण सांगतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, हवेशीर टांगा, आणि रेप खाल्लेलं असेल तर गळ्याची पिशवी लगेच काढून टाका, ते हिरवं आंबलं की मांसाला कुबट वास लागतो. छातीचे दोन तुकडे फक्त, छर्रे बोटाने चाचपून काढायचे, आलं-लसूण, काळा मसाला, जाड तव्यावर दोन-दोन मिनिटं. जास्त शिजवलंत तर चामडं. माझ्या चार शनिवारांची मिळून अकरा पाखरं झाली, म्हणजे बावीस तुकडे, आणि ज्या बायकोने हिशोब विचारला होता तिनेच त्यातले नऊ खाल्ले.