कानाच्या थर्मामीटरचे टोपण घडवताना मे महिन्यातील चाचणीवर विसंबू नका

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे स्वतंत्रपणे सोपवलेले पहिले काम म्हणजे कानात धरायच्या अवरक्त थर्मामीटरच्या टोकावर बसणारे, एकदा वापरून टाकून द्यायचे प्लॅस्टिकचे टोपण. वस्तू करंगळीच्या पेराएवढी आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे दोन महिन्यांत काम आटोपेल असे मी स्वतःच वरिष्ठांना सांगून बसले. प्रत्यक्षात चौदा महिने लागले आणि त्यांतील सात महिने एकाच चुकीने खाल्ले. प्लॅस्टिकच्या साचेकामातील ड्राफ्ट (वस्तू साच्यातून सुटावी म्हणून दिलेला उतार), भिंतीची जाडी, मोल्डचे आकुंचन या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून मी त्या चुकीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण ती मला अजूनही टोचते.

आधी फिल्मबद्दल, म्हणजे टोपणाच्या टोकाच्या त्या पातळ खिडकीबद्दल, जिच्यातून सेन्सर कानाकडे पाहतो. शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडणारे प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) वीनच्या नियमानुसार साधारण ९.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला सर्वाधिक असते, आणि त्या तरंगलांबीला आपल्या डोळ्यांचा निर्वाळा कवडीमोल ठरतो. काच डोळ्यांना पारदर्शक असली तरी त्या किरणांसाठी भिंत आहे. पेट (पाण्याच्या बाटल्यांचे) प्लॅस्टिक दिसायला नितळ असते, पण नेमक्या ८ ते ९ मायक्रॉनच्या पट्ट्यात ते भरपूर शोषण करते. उलट दुधी दिसणारे पॉलिथिलीन तेथे बऱ्यापैकी मोकळे असते. त्याचे ठळक शोषण ३.४, ६.८ आणि १३.८ मायक्रॉनच्या आसपास आहे. मी मात्र पहिल्या आठवड्यात पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊन सर्वांत चकचकीत शीट निवडून आणली, आणि ती लावल्यावर सेन्सरला जणू समोर कोणी तळहात धरला आहे असे आकडे आले. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात एफटीआयआर यंत्र असते; कोणत्या तरंगलांबीला किती शोषण होते ते त्यावर कळते. फिल्मचा तुकडा तेथे नेऊन आलेख काढून घ्या आणि मगच पुढे जा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

त्यानंतर आम्ही कमी घनतेच्या पॉलिथिलीनची ४० मायक्रॉनची फिल्म घेतली आणि व्हॅक्यूम फॉर्मिंगने (तापवलेली फिल्म निर्वाताने साच्यात ओढून) सोळा कॅव्हिटींच्या, म्हणजे सोळा खळग्यांच्या, साच्यात एका वेळी सोळा टोपणे ओढायला सुरुवात केली. हे काम भोसरीतील एका शेडमध्ये चालत असे. चाचणीसाठी मी ढवळत्या पाण्याच्या बाथमध्ये आतून काळा मॅट रंग दिलेली तांब्याची पोकळी बुडवली होती. अशी पोकळी कृष्णवस्तूच्या (सर्व प्रारण शोषणाऱ्या आदर्श वस्तूच्या) जवळ जाते, म्हणून थर्मामीटरने तिच्याकडे पाहून बाथचे तापमान सांगणे अपेक्षित असते. एएसटीएम ई १९६५ या मानकानुसार ३६ ते ३९ अंशांच्या दरम्यान चूक ०.२ अंशाच्या आत राहिली पाहिजे. मे महिन्यातील दुपारी मी साठ टोपणे तपासली आणि एकही त्या मर्यादेबाहेर गेले नाही. मी अहवाल लिहिला, त्यावर सह्या झाल्या, कायमस्वरूपी साच्याची मागणी गेली.

डिसेंबरमध्ये साठवणुकीच्या चाचणीसाठी त्याच खोक्यांतील टोपणे मी सकाळी आठ वाजता पुन्हा लावली. बाथ ३८.२ अंशांवर होता. काही टोपणांनी ३८.१ दाखवले, तर काहींनी थेट ३७.८. मी बाथवर शंका घेतली, मग सेन्सरवर, मग बॅटरीवर, आणि शेवटी स्वतःच्या हातावर. दुपारी पुन्हा मोजल्यावर फरक कमी झालेला दिसे आणि मला हायसे वाटे; दुसऱ्या सकाळी तो तेवढाच परत येई. या लपंडावात जवळजवळ तीन आठवडे गेले.

कारण बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात होते. किर्खहोफचा नियम सांगतो की जी वस्तू जितके शोषते तितकेच उत्सर्जितही करते. फिल्म कानाकडून येणाऱ्या प्रारणाचा काही भाग शोषते आणि त्याच्या जागी स्वतःच्या तापमानाचे प्रारण सेन्सरकडे पाठवते. म्हणजे सेन्सरला कान आणि फिल्म यांचे मिश्रण दिसते. उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्ममधून किती टक्के पार जाते याचा एक ठरावीक आकडा धरलेला असतो आणि त्यानुसार दुरुस्ती होते. एखादे टोपण त्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांनी अधिक अपारदर्शक निघाले, तर होणारी चूक ढोबळमानाने त्या दोन टक्क्यांना कान आणि फिल्म यांच्या तापमानांतील फरकाने गुणून मिळते. खोली २५ अंशांवर असेल तर फरक १२ अंशांचा, म्हणून चूक सुमारे ०.२४, काटेकोर हिशेबात ती किंचित कमी येते, पण मर्यादेवर घासणारीच. खोली १८ अंशांवर असेल तर चूक ०.४ च्या जवळ. आणि खोली ३६ अंशांवर असेल, तर फरक जवळजवळ उरतच नाही आणि सदोष टोपणही बिनचूक आकडा दाखवते.

भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या त्या दुपारी ३६ अंश तापमान होते. कान, फिल्म आणि सेन्सर हे तिन्ही जवळपास एकाच तापमानाला असताना मी फिल्मची परीक्षा घेत होते. फिल्मऐवजी पुठ्ठा लावला असता, तरीही कदाचित तो उत्तीर्ण झाला असता! हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पुण्यात मार्च ते मे या काळात काम करणारा कोणीही या खड्ड्यात पडू शकतो. चाचण्या निरनिराळ्या परिसर-तापमानांना घ्यायच्या असतात हे मानकांत लिहिलेले असते. मी ते वाचले होते आणि प्रमाणपत्राच्या वेळचे काम म्हणून बाजूला ठेवले होते. ती औपचारिकता नाही. बाळाला ३८.२ ताप असताना वातानुकूलित खोलीत ३७.८ दिसले, तर आई दवाखान्यात जाणे सकाळपर्यंत पुढे ढकलेल, आणि तिचा त्यात काहीही दोष नसेल.

पण मग काही टोपणे ठीक आणि काही वाईट का? मी खिडक्या कापून मायक्रोमीटरने मोजल्या. हीटरच्या कडेला फिल्म कमी तापत होती, कमी ताणली जात होती, आणि तेथील टोपणांच्या तळाशी ती जाड राहत होती. मधल्या कॅव्हिटींमधील तळ पातळ, कोपऱ्यांतील जाड. टोपणांवर कॅव्हिटीचा क्रमांक नसल्यामुळे हे कळायलाच वेळ लागला. साच्यात प्रत्येक कॅव्हिटीला क्रमांक कोरून घ्या. टूलरूमवाले (साचे बनवणारे) त्यासाठी फारसे पैसे मागत नाहीत.

या टप्प्यावर मला एका मार्गदर्शकांनी सल्ला दिला की सॉफ्टवेअरमध्ये ०.२ ची भर घालून विषय संपवावा. असा सल्ला देणाऱ्या माणसापासून दूर राहा, त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो. सरासरी सरकवता येते, विखुरलेपणा सरकवता येत नाही. शिवाय येथील चूक खोलीच्या तापमानानुसार बदलते, म्हणजे एका ठरावीक आकड्याची भर घातल्यावर हिवाळ्यात उरलेली चूक आणि उन्हाळ्यात नवी चूक अशा दोन्ही पदरात पडतात. बाजारातील तयार टोपण कापून त्याची नक्कल करण्याचा मार्गही मला तितकाच नापसंत आहे, कारण त्या फिल्मचा आकडा त्यांच्या सॉफ्टवेअरशी जुळवलेला असतो, तुमच्या नव्हे. थ्रीडी प्रिंट काढून बसण्याचा नेमकेपणा जरूर पाहा. तापमानाबद्दल त्यावरून एक शब्दही बोलू नका.

मार्ग दाखवला तो टूलरूममधील एका वयस्कर काकांनी. त्यांना प्रारण वगैरे ठाऊक नव्हते, त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि विचारले, “ताणल्यामुळे बिघडतंय ना, मग ताणतेस कशाला?” आम्ही इंजेक्शन मोल्डिंगने (वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून) पॉलिथिलीनची शंकूच्या आकाराची कॉलर केली आणि तिच्या तोंडावर सपाट फिल्म उष्णतेने चिकटवली. खिडकीची जाडी आता फिल्म बनवणाऱ्याने दिलेली तशीच राहते. कॉलर पॉलिप्रॉपिलीनची करण्याचा मोह आवरा. पॉलिथिलीनची फिल्म तिच्यावर नीट जुळत नाही आणि कडा सुटतात. कॉलरमुळे प्रत्येक टोपणाचा खर्च वाढला आणि त्यावरून बैठकीत बरेच ऐकावे लागले, पण डिसेंबरचे आकडे टेबलावर असल्यामुळे निर्णय झाला. नव्या माणसाने पदापेक्षा आकड्यांच्या आधाराने बोलावे असे माझे मत तेव्हापासून पक्के आहे.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सरळ आहेत. टोपण कानात अडकून राहता कामा नये, म्हणून प्रोबवरील (थर्मामीटरच्या कानात जाणाऱ्या टोकावरील) खाचेची पकड कानाच्या नळीतील घर्षणापेक्षा निश्चित जास्त हवी, आणि तरीही अंगठ्याच्या एका दाबाने ते सुटून पडले पाहिजे. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तेथे उमटणारी रेघ) कानाला लागणाऱ्या भागात येऊ देऊ नका. तेथील फ्लॅश (बाहेर आलेली प्लॅस्टिकची पातळ कड) नखाने जाणवत नसला तरी लहान मुलाच्या त्वचेला जाणवतो. आयएसओ १०९९३ खालील जैवसुसंगततेच्या (साहित्य शरीराला अपाय करत नाही ना, याच्या) चाचण्यांना वेळ लागतो, त्यामुळे फिल्मचा पुरवठादार आणि ग्रेड लवकर पक्के करा. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांच्या कागदपत्रांची धास्ती घेऊ नका. वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवली असेल तर निम्मे काम झालेले असते. माझ्या वहीत मे महिन्यातील शेडचे तापमान लिहिलेले होते. ते नसते, तर मूळ कारण मला आणखी कित्येक आठवडे सापडले नसते.

तुमची पहिली ट्रायल फसली तर खचू नका. या कामात ती बहुतेकांची फसते, आणि एवढ्याशा खिडकीत इतकी गुंतागुंत असेल हे कोणालाही आधी वाटत नाही. एक जुना फ्रिज आणि एक बल्ब यांच्यावर मी चाचणीची पेटी तयार केली होती, ती अजूनही चालते. तिच्यात १६, २५ आणि ३५ अंश अशा तीन तापमानांना प्रत्येक कॅव्हिटीचे टोपण तपासले जाते, आणि थर्मामीटर व टोपणांचा डबा निदान अर्धा तास आधी तिच्यात ठेवलेला असतो. सुरुवात १६ अंशांपासून करतो. तेथे जे टोपण उत्तीर्ण होत नाही, त्यासाठी पुढची दोन तापमाने लावण्यात आम्ही वेळ घालवत नाही.