टीचर्स युनियनच्या कॉलेज स्कॉलरशिपचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

मी इथे अमेरिकेत एका पब्लिक स्कूलमध्ये पॅरा, म्हणजे वर्गात टीचरची मदतनीस, म्हणून काम करते, आणि दर पगाराच्या स्लिपवर युनियनचे ड्यूज (वर्गणी) कापलेले दिसत असूनही टीचर्स युनियनची स्कॉलरशिप म्हणजे टीचर लोकांच्या मुलांसाठी असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मोठी मुलगी कॉलेजला जाऊन वर्ष झालं, तेव्हा लंचच्या वेळी दुसऱ्या एका पॅराने सहज सांगितलं की तिच्या मुलाला आमच्याच लोकलची, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेची, स्कॉलरशिप मिळाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे गेले याचं वाईट वाटलंच, पण मुलीचा हक्क होता आणि मी विचारलंसुद्धा नाही हे जास्त लागलं. धाकट्याच्या वेळी मग सगळं नीट केलं आणि आता दरवर्षी ओळखीतल्या दोनचार मुलांचे फॉर्म बघून देते, त्यामुळे कुठे काय अडकतं ते बऱ्यापैकी कळलंय.

तर पहिली चूक हीच. युनियनमध्ये फक्त वर्गात शिकवणारे नसतात. पॅरा, शाळेतले सेक्रेटरी, बस ड्रायव्हर, कॅफेटेरियातले लोक, नर्स, असे बरेच जण मेंबर असतात, आणि स्कॉलरशिपच्या नियमात 'मेंबरचं मूल' लिहिलेलं असेल तर त्यात ही सगळी मुलं आली. पण याच्या अगदी उलटी चूकही होते आणि ती जास्त त्रासदायक आहे, कारण ती फॉर्म भरून झाल्यावर कळते. आई शाळेत नोकरी करते म्हणजे ती मेंबर असेलच असं नाही! २०१८ साली सुप्रीम कोर्टाच्या जेनस निकालानंतर सरकारी नोकरीत युनियनची फी सक्तीने कापता येत नाही, मेंबर व्हायचं तर स्वतः कार्ड भरावं लागतं. नवीन नोकरीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते कार्ड भरायचं राहून जातं आणि आपण समजतो की आहोत मेंबर. पगाराची स्लिप काढून ड्यूजची ओळ आहे का बघा, नसेल तर बिल्डिंग रेपला, म्हणजे तुमच्या शाळेतल्या युनियनच्या प्रतिनिधीला, विचारा. आणि हे सीनियर इयरच्या (बारावीच्या) जानेवारीत करून उपयोग नाही, कारण बऱ्याच ठिकाणी मेंबरशिपला ठरावीक काळ, बहुतेक वर्षभर तरी, झालेला असावा लागतो. मूल ज्युनियर (अकरावीत) असतानाच बघून ठेवा.

आता 'युनियनची स्कॉलरशिप' म्हणजे नक्की कोणाची, यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची लोकल असते, तिच्यावर राज्याची संघटना आणि त्यावर राष्ट्रीय, म्हणजे एनईए नाहीतर एएफटी, या टीचर्सच्या दोन मोठ्या राष्ट्रीय युनियन. काही राज्यांत दोन्ही एकत्र आहेत, न्यूयॉर्क, मिनेसोटा, फ्लोरिडा ही त्यातली, तिथला मेंबर दोन्हीकडचा धरला जातो. जिथे दोघांच्या शाखा वेगळ्या आहेत, तिथे एनईएवाल्या मेंबरच्या मुलाने एएफटीचा फॉर्म भरला तर तो पहिल्याच चाळणीत बाहेर, मार्क कितीही असू देत. पातळीप्रमाणे स्पर्धाही बदलते. एएफटीची रॉबर्ट पोर्टर स्कॉलरशिप घ्या, मेंबरच्या मुलांसाठी आहे, चार वर्षांत मिळून ८,००० डॉलर, पण अख्ख्या देशातून निवडतात चौघांना. कॅलिफोर्निया टीचर्स असोसिएशनची मेंबरच्या मुलांसाठीची ५,००० डॉलरची आहे आणि ती बऱ्याच जास्त मुलांना मिळते. लोकलची रक्कम लहान असते म्हणून लोक तिकडे बघतही नाहीत, आणि माझं अगदी मनापासून सांगणं आहे की सुरुवात तिथूनच करा, कारण तिथे स्पर्धा एका डिस्ट्रिक्टपुरती आणि फॉर्म वाचणारे लोक तुमची शाळा ओळखणारे असतात.

बरं, ज्यांच्या घरात कोणीच शाळेत नोकरीला नाही त्यांनी हा लेख इथे बंद करू नका. काही युनियन मेंबर नसलेल्यांच्या मुलांनाही देतात. न्यूयॉर्क शहरात यूएफटीचा, म्हणजे तिथल्या टीचर्स युनियनचा, अल्बर्ट शँकर कॉलेज स्कॉलरशिप फंड १९६९ पासून आहे, तो शहरातल्या पब्लिक हायस्कूलमधून पास होणाऱ्या, अभ्यासात चांगल्या आणि पैशाची खरी गरज असलेल्या मुलांसाठी आहे, आईवडील टीचर असायची अट नाही. काही लोकल तर त्यांच्या डिस्ट्रिक्टमधल्या कुठल्याही सीनियरला देतात, काही फक्त पुढे टीचर व्हायचंय अशांना. म्हणून स्कॉलरशिपचं नाव वाचून ठरवू नका, 'कोण अर्ज करू शकतं' ही ओळ मुलाबरोबर बसून मोठ्याने वाचा, खरंच मोठ्याने वाचा, त्यातले 'आणि' नि 'किंवा' तेव्हाच लक्षात येतात.

व्हिसावाल्या घरांनी एक गोष्ट बघायची. एच-४ वरच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलाला फॅफ्सातून, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज मदतीच्या फॉर्ममधून, मिळणारी सरकारी मदत मिळत नाही, पण युनियनची स्कॉलरशिप खासगी पैसा आहे, तिथे सिटिझन किंवा ग्रीन कार्ड हवंच असं प्रत्येक ठिकाणी नसतं. नियमात लिहिलं नसेल तर ईमेल करून विचारा, आपणच नाही म्हणून मोकळं होऊ नका.

निबंधाबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण चांगली मुलं इथे मार खातात. कॉमन ॲपचा (बऱ्याच कॉलेजांना मिळून चालणाऱ्या एकाच अर्जाचा) एसे तयार असतो, तोच चिकटवून देतात. रोबोटिक्स, व्हॉलंटियरिंग, आजीची आठवण, सगळं असतं आणि युनियन हा शब्द एकदाही नसतो. अहो, पैसे देणारे कोण आहेत? कामगार संघटना आहे ती! पोर्टर स्कॉलरशिपमध्ये तर समाज अधिक न्याय्य करण्यात युनियनची भूमिका काय हे मुलाला कळतं का, हे सरळसरळ बघतात. आपल्या मुलांना यातलं काही माहीत नसतं कारण घरात या गोष्टी निघतच नाहीत. मग 'युनियन खूप महत्त्वाची आहे कारण ती शिक्षकांना मदत करते' असली वाक्यं येतात, वाचणाऱ्याने तशी शंभर वाचलेली असतात.

त्यापेक्षा मुलाला एक काम द्या. आपल्या डिस्ट्रिक्टचं युनियनबरोबरचं काँट्रॅक्ट बहुतेक वेळा ऑनलाइन असतं, ते उघडून त्यात वर्गात मुलं किती असावीत, टीचरला तयारीला वेळ किती, पॅराला किती तास, यातलं एक कलम शोधायचं आणि स्वतःच्या शाळेत त्याचा काय फरक पडला ते लिहायचं. माझ्या मुलाने पॅराच्या ब्रेकबद्दल लिहिलं, मी घरी येऊन आधी अर्धा तास नुसती बसून का असायचे ते त्याला तेव्हा समजलं म्हणाला, आणि ते वाचून मलाच भरून आलं. इतिहासातलं उदाहरण घ्यायचं असेल तर २०१८ चा वेस्ट व्हर्जिनियाचा संप घ्या, सगळ्या ५५ काउंट्यांमधल्या शाळा बंद होत्या आणि शेवटी ५ टक्के पगारवाढ मिळाली, आणि ती फक्त शिक्षकांना नाही, राज्याच्या बाकीच्या कर्मचाऱ्यांनाही मिळाली. असं एक ठोस उदाहरण दहा मोठ्या शब्दांपेक्षा बरं. आणि मुलाला युनियनची एखादी गोष्ट पटत नसेल तर तेही नीट कारणासकट लिहू द्या, खोटी स्तुती वाचताना लगेच कळते.

कागदपत्रांच्या चुका आता भराभर सांगते. ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं मार्कांचं पत्रक) ऑफिशियल मागितलं असेल तर पोर्टलवरून काढलेला स्क्रीनशॉट चालत नाही, काउन्सेलरच्या ऑफिसला आधीच सांगून ठेवा, हिवाळ्याच्या सुट्टीत तिथे कोणी नसतं. रेकमेंडेशन लेटर शिकवणाऱ्या टीचरकडून हवं की बाहेरच्या कोणाकडून ते बघा, आणि तुमची मेंबर आई ज्या टीचरबरोबर काम करते तिच्याकडूनच घेणं टाळा, नियमात बसत असलं तरी. मेंबर नंबर आणि डिस्ट्रिक्टचा एम्प्लॉयी नंबर वेगवेगळे असतात, हे उलटे टाकले की मेंबरशिप सापडत नाही म्हणून उत्तर येतं. तसं उत्तर आलं तर घाबरू नका, आईचं लग्नाआधीचं नाव युनियनच्या रेकॉर्डला राहिलंय का तेही तपासा, एका घरात नेमकं हेच झालं होतं आणि एका फोनवर सुटलं. गरजेवर आधारित स्कॉलरशिपला फॅफ्साचा सारांश लागतो, आणि एखाद्या जुन्या फॉर्मवर अजून ईएफसी (घर किती खर्च उचलू शकेल याचा फॅफ्सातून येणारा जुना आकडा) लिहिलेलं दिसलं तर आता तिथे त्याच्या जागी आलेला एसएआय लिहायचा, २०२४-२५ पासून तो बदल झालाय.

डेडलाइन वेगवेगळ्या असतात, कुणाची जानेवारीत, कुणाची मार्चअखेर, लोकलची कधी एप्रिलमध्येही, आणि पोस्टाने पाठवायचं असेल तर त्या तारखेचा शिक्का हवा की त्या तारखेला कागद पोचायला हवेत हे दोन वेगळे नियम आहेत. रात्री ११:५९ असं लिहिलं असेल तर कुठल्या टाइम झोनचं तेही बघा.

मिळाल्यावरची चूक कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बाहेरून स्कॉलरशिप मिळाली की कॉलेजच्या फिनॅन्शियल एड ऑफिसला कळवावी लागते, आणि मग काही कॉलेजं स्वतः दिलेली ग्रँट तेवढीच कमी करतात, म्हणजे मुलाच्या हातात शेवटी काहीच वाढत नाही. लपवणं हा उपाय नाही, नंतर पैसे परत मागतात. आधी लेखी विचारा की कपात लोन आणि वर्क-स्टडीमधून (कॉलेजात काम करून मिळणाऱ्या पैशातून) आधी कराल का, बरीच ऑफिसं ऐकतात. मेरीलँडने २०१७ मध्ये पब्लिक कॉलेजांना अशी कपात करण्यावर बंधन घातलं, नंतर न्यूजर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांनीही कायदे केले, तेव्हा आपल्या राज्यात काय आहे ते बघून मग फोन करा. टॅक्सचंही लक्षात असू द्या, स्कॉलरशिपचे पैसे ट्यूशन, फी आणि कोर्सला लागणाऱ्या पुस्तकांवर गेले तर टॅक्स नाही, पण डॉर्म आणि जेवणावर वापरले तर तेवढी रक्कम उत्पन्नात धरतात. पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा. चेक लगेच आला नाही तर तोही प्रकार समजून घ्या, काही लोकल ॲडमिशनचा पुरावा किंवा पहिल्या सेमिस्टरचे मार्क आल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, आणि मूल गॅप इयर घेणार असेल तर स्कॉलरशिप पुढच्या वर्षी ढकलता येते का ते निघण्याआधी विचारायचं.

आणि ज्यांचं वर्ष माझ्यासारखं हातातून गेलंय त्यांच्यासाठी, हायस्कूलवाल्या स्कॉलरशिप गेल्या तरी युनियन प्लस या युनियन मेंबरांना सवलती देणाऱ्या संस्थेची एक आहे, ५०० ते ४,००० डॉलरपर्यंत, सहभागी युनियनच्या मेंबरच्या कॉलेजमध्ये शिकत असलेल्या मुलांनाही ती भरता येते, डेडलाइन ३१ जानेवारीच्या आसपास असते. तुमची युनियन त्यात आहे का एवढं बिल्डिंग रेपला उद्याच विचारा. माझ्या मोठीने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तोच फॉर्म भरला होता.