छापून आलेल्या रिसर्च पेपरमधे गडबड दिसली तर जर्नलला कसं कळवायचं?

पुणे विद्यापीठातल्या जयकर लायब्ररीत नाहीतर पाषाणच्या एखाद्या लॅबमधे पेपर वाचत बसलेलं असताना अचानक वाटतं, अरे हा फोटो तर आधी कुठेतरी बघितलाय. लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लेखकाला चोर ठरवून मोकळं होऊ नका, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो आणि कधीकधी ती खरंच साधी चूक निघते.

आधी पेपरची पीडीएफ आणि डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) सेव्ह करा, मग संपादकाला मेल लिहा, आणि त्यात "डेटा बनावट आहे" असलं काही नको, फक्त जे दिसतंय ते: "आकृती २ मधला डावीकडचा बँड आणि आकृती ५ मधला उजवीकडचा बँड १८० अंशात फिरवून बघितले तर सारखे दिसतात, कृपया मूळ फोटो तपासावेत." (बँड म्हणजे लॅबमधल्या जेलच्या फोटोत दिसणारा पट्टा.) दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून जोडा. बास. नाव द्यायची भीती वाटत असेल तर निनावी लिहा, कोप (COPE) नावाची, संशोधन छापण्यातली नीतिमत्ता बघणारी संस्था (१९९७ पासून आहे, बरीच जर्नलं तिचेच नियम पाळतात) म्हणते की पुरावा ठोस असेल तर निनावी तक्रारही बघायला हवी.

पुढे काय होतं? संपादक लेखकाकडे खुलासा आणि मूळ डेटा मागतो, उत्तर पटलं नाही की प्रकरण लेखकाच्या संस्थेकडे जातं, कारण लॅबच्या वह्या तपासायचा अधिकार जर्नलला नसतो, आणि सगळं अडकतं ते इथेच, महिनोन्‌महिने. मधल्या काळात जर्नल पेपरवर शंका असल्याची नोटीस लावू शकतं. शेवटी छोटी चूक असेल तर दुरुस्ती, निष्कर्षच टिकत नसेल तर रिट्रॅक्शन, म्हणजे पेपरच मागे घेणं. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे १९९८ ला आला आणि पूर्ण मागे घेतला गेला २०१० ला, तोवर किती आईबापांनी पोरांना लस दिली नसेल, मला याचा अजून राग येतो.

रिट्रॅक्ट झालेला पेपर जर्नलच्या वेबसाइटवर तसाच राहतो, फक्त वर शिक्का बसतो, त्यामुळे जुनी पीडीएफ वापरणारे लोक तो खुशाल संदर्भ म्हणून देत राहतात. म्हणून थिसिस जमा करण्याआधी सगळे संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधे टाका, रिट्रॅक्ट झालेल्यांवर ते लाल इशारा दाखवतं.