व्यायामासाठी म्युझिक प्लेअर घेताय? या चुका टाळा

पुण्यातली पर्वती टेकडी चढताना फोन घरीच ठेवायचा असं ठरवलं आणि छोटा प्लेअर घ्यायला दुकानात गेलो. पहिला प्रश्न विचारला, "आवाज कसा आहे?" तिथेच चुकलो. शंभरावर पायऱ्या चढून धाप लागलेली असते, तेव्हा बासरीतले बारकावे कोण ऐकतंय? घामात टिकेल का आणि न बघता बोटांनी चालवता येईल का, हे आधी विचारायला हवं होतं.

मी घेतला तो टचस्क्रीनवाला. दिसायला देखणा, पण ओल्या बोटांना अजिबात दाद देत नाही, आणि घामाचा थेंब पडला की गाणं स्वतःच बदलतो. पळताना हवीत खरी बटणं, तीही हाताला वेगवेगळी लागणारी. २००५ मध्ये आलेल्या आयपॉड शफलला तर पडदाच नव्हता, आणि त्याचं काही अडलं नाही. २०१७ मध्ये तो बंद झाला. आता कुणी जुना स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका; इतक्या वर्षांत बॅटरी थकलेली असते आणि ती बदलणं सोपं नाही.

दुसरी चूक म्हणजे डब्यावरच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विश्वास. त्याऐवजी आयपीचा आकडा शोधा, म्हणजे धूळ-पाणी किती सोसेल ते सांगणारा. आयपीएक्स ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी सोसेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते आणि आपला घाम खारट. शिवाय चार्जिंगचं भोक ओलं असताना वीज जोडली, तर कुठलाच आकडा कामाला येत नाही. भर पावसाळ्यात पळून आल्या आल्या मी प्लेअर चार्जिंगला लावायचो. दोन महिन्यांत आतल्या पिना हिरव्या-काळ्या पडल्या. आता आधी ओलसर फडक्याने मीठ पुसतो, मग कोरड्या फडक्याने, आणि तासाभराने चार्जर. तांदळाच्या डब्यात मात्र पुरू नका, पीठ आणि कणी थेट भोकात जाते.

पोहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. डोकं पाण्याखाली गेलं की काठावरच्या प्लेअरचं गाणं तुटलंच. पोहण्यासाठी गाणी हेडफोनच्याच मेमरीत भरता येतील असा संच घ्या.

तलावात कशाला, टेकडीवरही हाच घोटाळा होतो, कारण आपलं शरीरही बरंचसं पाणीच. घरात नीट वाजणारा इयरफोन मैदानात अडखळतो, तो बिघडलेला असेलच असं नाही. घरात लहरी भिंतींवर आपटून कानापर्यंत पोहोचतात. मोकळ्यावर भिंती नसतात आणि मध्ये आपलं धड येतं. मागच्या खिशातला प्लेअर काढून छातीजवळ किंवा दंडाला लावा, एकदा उजव्या, एकदा डाव्या बाजूला लावून बघा. वायरवाला इयरफोन असेल तर वायर टी-शर्टला घासून कानात ठकठक ऐकू येते. ती कानामागून वळवून घ्या आणि कॉलरला चिमटा लावा.

साठवणीवर पैसे उधळायची गरज नाही. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी खाते, म्हणजे चार मिनिटांची जवळपास २००० गाणी ८ जीबीत बसतात. मोठं कार्ड घातलं आणि प्लेअरने ते ओळखलंच नाही, तर कार्डाला दोष देऊ नका. ३२ जीबीच्या वरची कार्डं बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात, पण स्वस्त प्लेअरला फॅट३२ च कळतं. ३२ जीबीचंच घ्या, नाहीतर कॉम्प्युटरवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून द्या.

आपल्याकडची खास अडचण अशी की देवनागरीतली नावं पडद्यावर चौकोन होऊन येतात. फाइलचं नाव रोमन अक्षरांत लिहा आणि पुढे ०१, ०२ असे आकडे द्या, तेही इंग्रजी अंकांत. तरीही क्रम चुकला तर फोल्डर पुसून गाणी त्याच क्रमाने एकेक करून पुन्हा भरा. काही प्लेअर नावापेक्षा कॉपी झाल्याचा क्रम पाळतात. पैसे भरून घेतलेल्या ॲपमधली 'डाउनलोड' केलेली गाणी मात्र इथे वाजणार नाहीत, ती त्या ॲपच्या कुलपातच राहतात.

इयरफोनबद्दल माझं मत ठाम आहे. रस्त्यावर कान बंद करणारे रबरी बोळे नकोत. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू यायलाच हवा, आणि बंद कानात स्वतःच्या पावलांचे धक्के घुमतात ते वेगळंच. उघड्या कानाचे किंवा हाडातून आवाज पोहोचवणारे बरे. जिममध्ये बंद कानाचे चालतील, उलट तेच हवेत, नाहीतर तिथल्या स्पीकरवर मात करायला आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास.

आणि नवा प्लेअर चार्जच होत नसेल, तर परत करायच्या आधी केबल बदला. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या केबलवर काही स्वस्त प्लेअर वीजच घेत नाहीत. जुन्या चपट्या यूएसबीच्या चार्जरला लावलात की दिवा लागतो.